बहीण-शहराची खुर्ची

ऐका, यातला शब्दन् शब्द खरा आहे! तोंडात उरलेल्या दातांची शपथ, आणि जे पडले त्यांचीही शपथ! ज्याला खोटं वाटत असेल त्याने आत्ताच उठून जावं. मागाहून मध्येच खोकायचं नाही आणि एकमेकांकडे बघून हसायचं तर अजिबात नाही.

तर एक शहर होतं, आणि त्या शहरात खुर्च्या व्हायच्या. लाकडी, सरळ पाठीच्या, आणि मजबूत म्हणजे किती मजबूत? एकदा एक ट्रक उतारावरून सुटला आणि पॉलिश वाळवायला रस्त्याकडेला ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन आदळला. ट्रकचं अख्खं तोंड बदलावं लागलं. खुर्चीवर नुसतं फडकं मारलं. फक्त एक होतं, त्या खुर्चीवर फार वेळ बसवायचं नाही. थोड्या वेळात माणूस या कुशीवरून त्या कुशीवर व्हायला लागायचा. पण शहरातल्या लोकांनी त्याचाही गुणच करून टाकला होता. "आमच्याकडे सभा लवकर आटपतात आणि पाहुणे वेळेवर निघतात," असं ते छाती फुगवून सांगायचे.

आणि त्यांना एक खोड होती. कुणाच्या घरी जावोत, बँकेत जावोत, बसायच्या आधी खुर्ची उलटी करायची. सांधे बघायचे, पायावर बोटाने टकटक करायचं, सरसाचा वास घ्यायचा, मग सुलटी करून बसायचं. दवाखान्यात पाठ धरून आलेला रोगीसुद्धा आधी खुर्ची उलटी करायचा आणि मग कण्हायला लागायचा.

या शहरात एक सूनबाई होती. महापालिकेत सांस्कृतिक खातं सांभाळायची. खातं म्हणजे एक खोली, एक कपाट, एक कुरकुरणारा पंखा आणि सूनबाई. तिचा नवरा खुर्च्यांच्या कारखान्यात सुतार. आणि सासूबाई त्याच कारखान्यात 'बसणाऱ्या'. हसू नका, असं काम असतं. तयार झालेली प्रत्येक खुर्ची त्यांच्यापुढे यायची. त्या बसायच्या, डावीकडे हलायच्या, उजवीकडे हलायच्या, आणि उठून एकच शब्द बोलायच्या. "चालेल," किंवा "जाळा." एकदा "जाळा" म्हटलं की संपलं. मालकाच्या बापाची टाप नव्हती ते फिरवायची. बापाने एकदा फिरवून बघितलं होतं म्हणे, त्यानंतर त्याने धंदाच मुलाच्या हाती दिला.

पण हल्ली खुर्च्या खपेनात. लोक हलक्याफुलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायला लागले होते. शेवटी मालकाने सांगून टाकलं, "बाहेरून मोठी मागणी आली तर ठीक. नाहीतर ही जागा मी गोदामवाल्याला देतोय. बोलणं झालंय माझं."

झालं! म्हणजे नवरा घरी, सासूबाई घरी. नवरा घरी बसला तर एक वेळ चालेल, पण सासूबाई दिवसभर घरात? सूनबाई हात धुऊन उपायाच्या मागे लागली. तशी ती कारखान्यावर जीव टाकायची हेही खरं. नवऱ्याच्या अंगाला येणारा लाकडाचा वास तिला आवडायचा, पण असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात.

मग तिने महापौरांच्या बैठकीत कल्पना मांडली. "साहेब, जगभरची शहरं एकमेकांच्या बहिणी होतात. गाणी-बजावणी होतात, येणं-जाणं होतं, मग हळूच व्यापार सुरू होतो. आपणही एखादी बहीण शोधू."

महापौरांनी विचारलं, "फीत कापायची असते का त्यात?"

"असते की."

"मग शोधा!" त्यांच्या खिशात कायम एक कात्री असायची. माणूस वाईट नव्हता, पण सरळ पसरलेली कुठलीही पट्टी दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा.

घरी मात्र सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "सख्ख्या नणंदेला फोन करायला हिला सवड नाही, आणि समुद्रापलीकडे बहीण शोधतेय!"

"अहो आई, तुमच्या कारखान्यासाठीच चाललंय हे सगळं."

"माझा कारखाना माझ्या बैठकीवर चालतो, तुझ्या बहिणीवर नाही." म्हणजे बघा आता.

नवरा दोघींच्या मधे मान खाली घालून जेवत होता. त्याला त्याची सवय होती.

समुद्रापलीकडे एक शहर सापडलं. पत्रं गेली, पत्रं आली. आता आपल्या शहराची ओळख करून द्यायची, फोटो पाठवायचे. सूनबाईने आधी खुर्च्यांचे फोटो काढले. महापौरांनी ते बाजूला सारले. "अहो, सोयरीक जुळवताना पहिल्याच भेटीत देण्याघेण्याचं काढतं का कुणी? आधी घर दाखवायचं, माणसं दाखवायची. खुर्चीचं नावसुद्धा नको." मग गेलं काय, तर कारंज्याचा फोटो, कारंज्यासमोर महापौर, महापौरांसमोर अग्निशामक दलाचा बँड, आणि बँडसमोर पुन्हा महापौर.

तिकडूनही फोटो आले. दगडी पूल. पुलावर गाणारी मंडळी. हातात फुलं घेतलेल्या त्यांच्या महापौरबाई, उंच, ताठ, शिडीसारख्या. सूनबाई ते फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि एकदम तिचे डोळे चमकले. एकाही फोटोत कुणी बसलेलं नव्हतं! म्हातारी उभी, कोतारी उभी, पोरं उभी.

"अगं बाई," ती नवऱ्याला म्हणाली, "यांच्याकडे बसायलाच काही नाही वाटतं!"

"बिचारे," नवरा म्हणाला आणि त्याच्याही तोंडाला पाणी सुटलं. अख्खं शहर उभं! म्हणजे केवढ्या खुर्च्या लागतील!

ही बातमी कारखान्यात पोचली, मालकाने गोदामवाल्याला जरा थांबायला सांगितलं, आणि पाहुण्यांना बोलावणं गेलं.

महापालिकेचं सभागृह धुऊन पुसून घेतलं. कारखान्याच्या नव्याकोऱ्या खुर्च्या मांडल्या. पाहुण्यांनी बसायचं, मोहात पडायचं आणि मागणी नोंदवायची, असा सूनबाईचा बेत. एकच काळजी होती. तिने आदल्या दिवशी सगळ्या गावकऱ्यांना जमवून दम दिला, "उद्या कुणीही खुर्ची उलटी करायची नाही. पाहुण्यांसमोर शोभत नाही. जे काय टकटक करायचं ते आज करून घ्या." मग काय, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सभागृहात नुसती टकटक चालली होती, छपरावर गारा पडाव्यात तशी.

दुभाषे म्हणून मिळाले एक निवृत्त मास्तर. अतिशय प्रामाणिक माणूस. नको इतका. कानावर पडेल ते सगळं भाषांतर करून सांगायचं, एक अक्षर गाळायचं नाही, हा त्यांचा बाणा. कुणी शिंकलं तरी त्यांची चुळबुळ व्हायची, आता हे तिकडे कसं सांगावं म्हणून.

पाहुणे आले. महापौरबाई पुढे, मागे गडद सुटातली काही जाडजूड बोटांची माणसं, आणि सगळ्यांत मागे एक चिमुकली म्हातारी, तिच्याएवढीच मोठी पिशवी घेऊन. बरोबर लाकडी खोकी होती. "आमच्याकडून सांस्कृतिक भेट," असं दुभाष्यांनी सांगितलं.

बँड वाजला. महापौरांनी फीत कापली, मग उरलेली फीतही कापली. भाषण सुरू झालं. "आजपासून आपली शहरं बहिणी झाली. आमचं शहर थोरली बहीण, या नात्याने..."

दुभाष्यांनी सांगितलं. महापौरबाईंच्या भुवया वर गेल्या. उत्तर आलं, "आमचा पूल तुमच्या कारंज्यापेक्षा जुना आहे. थोरली आम्ही."

महापौर सूनबाईच्या कानात कुजबुजले, "उंची बघून थोरलेपण ठरत असेल तर आपण हरलो."

दुभाष्यांनी तेही खणखणीत आवाजात भाषांतर केलं.

सूनबाईने कपाळाला हात लावला आणि घाईघाईने पुढे झाली. "आपण आधी बसून घेऊ या. बसा ना, बसा."

गावकरी खुर्च्यांपुढे उभे. सगळ्यांचे हात शिवशिवताहेत, पण कुणी खुर्चीला हात लावला नाही. दात आवळून बसले बिचारे. आणि मग पाहुण्यांनी काय करावं? महापौरबाईंनी वाकून खुर्ची धरली आणि केली उलटी! पाठोपाठ सुटातल्या सगळ्यांनी. टकटक, टकटक. एकाने सांध्याला नाक लावलं. दुसऱ्याने खिशातून चष्मा काढला. त्या चिमुकल्या म्हातारीने तर सरस नखाने खरवडून चाटून बघितला!

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सूनबाईच्या नवऱ्याच्या हातातला पेला खाली पडला.

"अगं," तो म्हणाला, "हे तर आपल्यातलेच!"

खोकी उघडली. आत खुर्च्या. वेताच्या विणलेल्या बैठकीच्या, कमानदार पाठीच्या, नाजूक पायांच्या खुर्च्या. तेसुद्धा खुर्च्याच विकायला आले होते! महापौरबाई दुभाष्यांमार्फत म्हणाल्या, "तुमच्या फोटोत सगळे उभे होते. आम्हाला वाटलं, बिचाऱ्यांकडे बसायला काही नाही. पहिल्याच पत्रात धंद्याचं कशाला काढा, म्हणून बोललो नव्हतो."

महापौर दातओठ खात पुटपुटले, "यांना चहा पाजा आणि वाटेला लावा."

"महापौर म्हणतात, यांना चहा पाजा आणि वाटेला लावा," दुभाष्यांनी तिकडे सांगितलं, आणि तिकडचं उत्तर इकडे आणलं. "बाई म्हणतात, चहा राहू दे, परतीची बोट कधी आहे ते सांगा."

मग जी जुंपली! इकडचे सुतार म्हणाले, ही खुर्ची आहे की कोळ्याचं जाळं? तिकडचे म्हणाले, आणि ही खुर्ची आहे की शिक्षा? इकडचे म्हणाले, तुमच्या खुर्चीचे पाय बगळ्याचे. तिकडचे म्हणाले, तुमच्या खुर्चीवर बसून माणूस बगळा होईल, एका पायावर उभा राहणं परवडलं म्हणेल. दुभाष्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण एक शिवी गाळतील तर शपथ.

सूनबाईने पाहिलं, तिसऱ्या रांगेत मालकाने फोन कानाला लावला होता. कुणाला लावला असेल ते सांगायला नको. नवरा आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभा होता, आता यांचं काय करायचं अशा चेहऱ्याने. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शोधून शोधून बहीण शोधली आणि सवत निघाली.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "सरका. बघू तरी काय दिवे लावलेत यांनी."

त्या वेताच्या खुर्चीवर बसल्या. भांडण जागच्या जागी थांबलं. त्यांना रोखणं ना महापौरांच्या हाती, ना मालकाच्या. समोरून ती चिमुकली म्हातारीही पुढे झाली, पिशवी खाली ठेवली आणि आमच्या लाकडी खुर्चीवर बसली. तीही 'बसणारी'च होती! तिच्या बसण्यावरूनच कळत होतं, पाठ ताठ, डोळे मिटलेले, सगळा जीव बैठकीत गोळा केलेला.

सासूबाई डावीकडे हलल्या, उजवीकडे हलल्या... आणि थांबल्या. चेहरा सैल पडला. मान हळूहळू कलली. सगळे "चालेल" की "जाळा" याची वाट बघत होते, आणि ऐकू काय आलं? घुर्र. घुर्र.

झोपल्या होत्या! जन्मात कधी खुर्चीवर मिनिटभर न टेकलेली बाई, अख्ख्या गावासमोर घोरत होती. तिकडे ती म्हातारी आमच्या खुर्चीवर या कुशीवरून त्या कुशीवर होत होती, मधेच उठून खुर्चीच्या पायांवरून हात फिरवून वाहवा करत होती, आणि पुन्हा बसली की तोंड वाकडं करत होती.

आणि मग कर्रर आवाज झाला. वेताच्या खुर्चीचा मागचा पाय वाकला, मग पुढचा, मग उरलेले दोन. बैठक सासूबाईंना घेऊन लिफ्टसारखी सावकाश खाली आली आणि जमिनीवर टेकली. घोरणं तसंच चालू!

पाहुण्यांचे चेहरे पांढरेफटक. आपल्या सुतारांपैकी कुणीतरी खुसखुसलं. मालक कुजबुजला, "आता उठल्या की म्हणणार जाळा."

सूनबाई ऐकत होती. सासूबाई उठल्या, स्वतःला जमिनीवर बसलेलं बघितलं, की "जाळा" म्हणणारच. आणि तो शब्द निघाला की ती खुर्ची संपली, ते पाहुणे संपले. पण तिला मघापासून दुसरंच दिसत होतं. आपल्या खुर्चीत इतकी वर्षं काय कमी होतं ते समोर घोरत होतं.

ती नवऱ्याजवळ गेली. "आपल्या खुर्चीचे पाय काढता येतील?"

"येतील. का?"

"आणि आईंच्या खाली बसवता येतील? त्या उठायच्या आत?"

नवऱ्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा या दोघींच्या मधे त्याला काही काम मिळालं होतं. "हातोडा वाजवता येणार नाही," तो म्हणाला. "सगळं हाताने दाबून बसवावं लागेल."

त्याने चिमुकल्या म्हातारीच्या खालची खुर्ची मागितली, तिने ती आनंदाने सोडली. सुटातला सगळ्यांत जाडजूड माणूस पुढे आला, कोट काढला, खिशातून पटाशी काढली. हा त्यांचा मुख्य सुतार. आपले पाय जाड, त्यांच्या बैठकीच्या खाचा बारीक. दोघं गुडघ्यांवर बसून बोटांनी मापं दाखवायला लागले. इकडून मान हलली, तिकडून भुवई उडाली. दुभाषे कुजबुजत भाषांतर करायला धावले, पण दोघांनी त्यांना हातानेच गप्प केलं. त्यांना काय मोठा धक्का बसला! पहिल्यांदाच कुणी त्यांच्याशिवाय बोलत होतं.

पाय तासून झाले. आता सासूबाईंना उचलायचं. अग्निशामक दलाचा बँड कामी आला. ढोलवाला एका कोपऱ्याला, बिगुलवाला दुसऱ्याला, आणि अलगद, अंगावर काटा आणत, बैठक वर गेली.

सासूबाई झोपेतच बोलल्या, "सूनबाई, गॅस बंद केलास का?"

सगळे दगड झाले.

"केला, आई," सूनबाई हळूच म्हणाली.

"गॅस बंद केला आहे," दुभाष्यांनी कुजबुजत तिकडे सांगितलं, आणि महापौरबाईंनी गंभीरपणे मान डोलावली.

एक पाय बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला जाडजूड माणसाने खांद्याने रेटा दिला, चौथ्याला नवऱ्याने. वेताचं एक टोक खाली लोंबत होतं. महापौर पुढे आले, खिशातून कात्री काढली आणि कच्चकन ते टोक कापलं. सवयीने टाळीची वाट बघत हात वर केला, तो सूनबाईने वरच्या वर धरला.

बैठक खाली ठेवली. सगळे मागे सरले. चिमुकली म्हातारी जवळ आली आणि सासूबाईंच्या नाकाखाली आपल्या पिशवीतला मोठ्ठा रुमाल फडकवला.

सासूबाई जाग्या झाल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "काय बघताय सगळे? माणूस बसलेलं बघितलं नाही कधी?" आणि मग त्यांना आठवलं, आपण कामावर आहोत. डावीकडे हलल्या. उजवीकडे हलल्या. पायांवर भार टाकला. सभागृहात श्वास घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. महापौरबाईंनी तर आमच्या महापौरांचा दंड घट्ट धरला होता.

"चालेल," सासूबाई म्हणाल्या.

अहो, जो गलका झाला! बँडवाल्यांनी जे हाताला लागेल ते वाजवलं, दोन्हीकडच्या सुतारांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मालकाने फोनवर गोदामवाल्याला "राँग नंबर" म्हणून सांगितलं. त्याच दिवशी करार झाला. पाय इकडचे, बैठक तिकडची. बैठका बोटीने यायच्या, खुर्च्या इथे जुळायच्या, आणि दोघी बहिणींनी मिळून तिसऱ्याच गावांना विकायच्या. पहिली खुर्ची बाजारात गेली आणि तिसऱ्या गावातल्या सभा लांबत लांबत गेल्या, पाहुणे उठेनात, मुलाखती द्यायला आलेली माणसं तिथेच झोपायला लागली. मागणी अशी आली की कारखान्यात नवी माणसं घ्यावी लागली आणि सासूबाईंच्या हाताखाली दोन नव्या बसणाऱ्या आल्या. त्या दोघींना त्यांनी काय छळलं, विचारू नका.

त्या दिवशी घरी जाताना सासूबाई वळणाशी थांबल्या. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून कारखाना राहिला गं. तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं."

आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. बरं बाई, बरं. सांगते.

ट्रक खरा आहे. घोरणं खरं आहे, बिगुलवाला तर आजही पाठ चोळत असतो. पण सासूबाईंचं हे शेवटचं बोलणं मी पदरचं घातलं. असलं काही त्या म्हणाल्याच नाहीत.